झाशीची पुस्तकशाळा आणि छापील ग्रंथाचे ऋण

ज्या घरात गीतेची प्रत अल्प मोलाने येते, त्या घरात ग्रंथ दुर्मिळ असणे म्हणजे काय, याची कल्पना सहसा येत नाही. जी वस्तू सुलभ झाली तिचे मोल मनातून उतरते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून मुद्रणकलेने आपल्या वाचनात, विचारांत आणि समाजात कोणते परिवर्तन घडविले, याचा विचार करताना प्रथम मुद्रणापूर्वीच्या काळाकडे पाहिले पाहिजे. त्यासाठी झाशी नगरीइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

सन १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या सैन्याने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्या दिवसांत कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे विद्वान भिक्षुक झाशीत होते. बायजाबाई शिंदे यांनी योजिलेल्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले होते. वेढा, लूट आणि कत्तल त्यांनी समक्ष पाहिली. पुढे लिहिलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्यांनी झाशीच्या राजवाड्यातील पुस्तकशाळेच्या नाशाची हकीकत सांगितली आहे. नेवाळकर घराण्याने जमविलेला तो संस्कृत ग्रंथांचा संग्रह एवढा मोठा होता की, काशीच्या पंडितांनाही एखादा ग्रंथ न मिळाल्यास येथून त्याची नकल करून न्यावी लागे. तो सारा संग्रह त्या लुटीत नाहीसा झाला.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या ग्रंथांपैकी ज्यांची नकल अन्यत्र झाली होती, ते वाचले. ज्यांची झाली नव्हती, ते त्या दिवशी जगातूनच गेले. हस्तलिखिताच्या जगात ग्रंथाचे आयुष्य एखाद्या मनुष्याच्या आयुष्याइतकेच क्षणभंगुर असे. वाळवी, पूर, आग किंवा परचक्र यांपैकी एकही संकट एका विद्येचा अंत करण्यास पुरेसे होते.

नकलेचे जग

बोरूने पोथी उतरणे हे कष्टाचे काम होते. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून लेखनाचे माप मोजीत. ज्याला द्रव्य वा अवकाश नाही, त्याला पोथी नाही. म्हणून बहुसंख्य लोकांसाठी वाचन म्हणजे श्रवणच होते. एकाने वाचावे, सांगावे आणि गावाने ऐकावे. त्या श्रवणात भक्तीचा ओलावा होता, हे खरे, पण ऐकणाऱ्याने पान उलटून “हे असेच लिहिले आहे काय?” असे पाहण्याची सोय नव्हती. शिवाय प्रत्येक नकलेबरोबर पाठभेद वाढत. म्हणूनच श्रीएकनाथमहाराजांना १५८४ साली अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला. त्या परिश्रमांनंतरही शुद्ध प्रत घरोघर पोहोचविण्याचा उपाय त्या काळी नव्हता.

ताम्रपटापासून शिळाप्रेसपर्यंत

हा उपाय आपल्या प्रदेशात आला त्याच्या आरंभीच श्रीमद्भगवद्गीता आहे, ही गोष्ट गीताप्रेमी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाना फडणीस यांच्या प्रेरणेने पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून छापण्याचा उद्योग सुरू झाला. १८०० साली नाना निवर्तले आणि काम खुंटले. पुढे मिरजेच्या पटवर्धनांनी त्या कारागिरास आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेस ती गीता छापून झाली. या पद्धतीत प्रत्येक पान स्वतंत्रपणे कोरावे लागे. सुटे खिळे जुळविणे, छापणे आणि तेच खिळे पुन्हा दुसऱ्या पानासाठी वापरणे, ही सोय तीत नव्हती. तरीही एका कोरीव पानावरून अनेक एकसारखी पाने निघू शकतात, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले.

सन १८१७ पासून मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली. त्याच छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून धार्मिक लोक छापील पोथीला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी या लोकांचा उपहास केला नाही. त्यांनी शाईत तूप वापरले. समाजाला नवी वस्तू द्यावयाची असेल तर त्याच्या श्रद्धेचा मान राखून ती द्यावी, हा धडा त्या तुपाच्या शाईत आहे. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकर यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. १८६९ साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील सुबक, शुद्ध देवनागरीमुळे संस्कृत ग्रंथ साऱ्या भारतात जाऊ लागले. झाशीची एक पुस्तकशाळा गेली. पण आता ग्रंथाचे रक्षण एका राजवाड्यावर अवलंबून राहिले नाही. हजार घरांत हजार प्रती असल्या म्हणजे कोणतेही सैन्य त्या सर्व जाळू शकत नाही.

विचार आणि समाज

या सुलभतेचे परिणाम दूरवर झाले. पहिला परिणाम असा की, ज्ञान अधिकाराच्या कुंपणातून बाहेर पडले. ज्याला अक्षरओळख झाली, त्याला ग्रंथासाठी कोणाचे दार ठोठावण्याचे कारण उरले नाही. दुसरा परिणाम असा की, परस्परांना कधीही न भेटलेली माणसे एकाच पानावर वाद घालू लागली. १८८२ साली विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीजातीला दोष देणाऱ्या छापील लेखनाला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापून उत्तर दिले. ज्या सभेत स्त्रीला बोलण्यास जागा नव्हती, त्या सभेत तिचे पुस्तक बोलू लागले. १९१५ साली लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले, तेव्हा गीता संन्यासपर की कर्मयोगपर, हा मठांतील प्रश्न वकिलांच्या, शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरी चर्चिला जाऊ लागला.

झाशीलाही या नव्या युगाचा लाभ झाला. तेथे रेल्वेच्या नोकरीत असलेले महावीरप्रसाद द्विवेदी १९०३ साली ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक झाले. ते मासिक अलाहाबादेस छापले जाई. १९०४ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढे हिंदी गद्याला शिस्त लावली. मराठी वाङ्मयाशी त्यांचा परिचय होता. झाशीजवळच्या चिरगावचे मैथिलीशरण गुप्त त्यांच्याच मार्गदर्शनाने राष्ट्रकवी झाले. एका प्रांतातील विचार दुसऱ्या प्रांतात नेण्यास आता यात्रेकरूची वाट पाहावी लागत नव्हती. टपाल आणि छापखाना पुरेसे होते.

छापले तेवढे खरे काय?

परंतु येथेच सावधानता हवी. विष्णुभट गोडसे यांचा वृत्तांत त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली तो ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला, म्हणूनच झाशीच्या पुस्तकशाळेची कथा आज आपल्याला कळते. हे मुद्रणाचे थोर उपकार होत. मात्र वैद्यांनी मूळ लेखनाच्या भाषेत व रचनेत फेरफार केले होते. मूळ मोडी हस्तलिखितावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली नवी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा गोडसे यांचे खरे शब्द वाचकांपुढे आले. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे वाचक संपादकाचा हात पडलेले पुस्तक साक्षीदाराचेच बोल म्हणून वाचीत होते! नकलनविसाची चूक एका पोथीत राहते; छापलेला फेरफार मात्र प्रत्येक प्रतीत जातो.

दुसरे उदाहरणही झाशीचेच आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र मराठीत प्रसिद्ध केले. राणीसाहेब परिस्थितीने युद्धात ओढल्या गेल्या, असा त्यांचा अभिप्राय होता. झाशीचे वकील व कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांना तो पटला नाही. कारण घरातील वृद्धांच्या तोंडून त्यांनी निराळीच कथा ऐकली होती. त्यांनी शोध केला आणि १९४६ साली आपली कादंबरी प्रसिद्ध केली. त्या दोघांत कोणाचे किती खरे, हा इतिहासकारांचा प्रश्न होय. आपल्याला घ्यावयाचा बोध असा की, छापील शब्दाला प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान नव्हे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी नम्रता आणि सेवा यांच्या बरोबरीने परिप्रश्नही सांगितला आहे.

गृहस्थाचे कर्तव्य

आज पुस्तकाच्याही पुढे जाऊन अक्षरे दूरध्वनीच्या काचेवर आली आहेत आणि एक मजकूर क्षणात लक्षावधी लोकांपर्यंत जातो. वैद्यांच्या आवृत्तीतील फेरफार ध्यानात यावयास साठ वर्षे लागली. आजची चूक ध्यानात येईपर्यंत ती देशभर पसरलेली असते. म्हणून गृहस्थाने तीन नियम पाळावेत. ग्रंथ विकत घेताना तो कोणी व कोणत्या प्रतीवरून संपादिला, हे पाहावे. पुढे पाठविण्यापूर्वी वचन मूळ ग्रंथात आहे की नाही, याची खात्री करावी. आणि घरात जुनी पोथी असेल तर ती अडगळीत न टाकता जाणत्याला दाखवावी. कदाचित झाशीच्या आगीतून वाचलेल्या एखाद्या ग्रंथाची ती भावंड असेल.

याखेरीज रोज थोडे वाचन घरातील सर्वांनी मिळून, मोठ्याने करावे. मुद्रणाने आपल्याला एकांतात वाचावयास शिकविले. पण मिळून ऐकण्यातील प्रेम त्यासाठी सोडण्याचे कारण नाही. गीतेने स्वाध्यायाला वाणीचे तप म्हटले आहे आणि आपल्या संवादाच्या अध्ययनाला ज्ञानयज्ञ. यज्ञाची सामग्री आज प्रत्येक घरी आली आहे. ती फळीवर धूळ खात राहिली, तर राजवाड्यातील पुस्तकशाळेचा नाश एकदाच झाला, आपल्या घरातील पुस्तकशाळेचा मात्र रोज होतो, असेच म्हणावे लागेल.