अल्पसाधन भाषा आणि वाक्-तंत्रज्ञान : गोंडीचे उदाहरण

प्रस्तावना

प्रमाणभाषा व बोली यांच्या संबंधाचा विचार आपण केला आहे. हाच संबंध यंत्रासमोर आला की काय घडते, ते या घटकात पाहू. मोबाईलवर मराठीत बोलले की पडद्यावर मराठी मजकूर उमटतो. त्याच मराठी सुविधेसमोर गोंडीत बोलले तर? यंत्र 'समजले नाही' असे सहसा म्हणत नाही. ते जवळचे मराठी शब्द जुळवते. बोलणाऱ्याचे म्हणणे हरवते आणि हरवल्याची नोंदही राहत नाही.

अल्पसाधन भाषा म्हणजे काय?

अल्पसाधन म्हणजे अल्पभाषक नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा या राज्यांत ही द्राविडी भाषा बोलली जाते. याउलट आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे; तरी तेथील शासनाने आपल्या भाषेसाठी भाषा-तंत्रज्ञानाचा स्वतंत्र कार्यक्रम राबवला. भाषकसंख्येपेक्षा अंकीय मजकूर, लेखनासह ध्वनिमुद्रणे, शब्दकोश आणि संस्थात्मक पाठबळ यांवर भाषेची साधनसंपन्नता ठरते.

यंत्र कसे शिकते?

वाक्-अभिज्ञान म्हणजे उच्चाराचे लेखनात रूपांतर. त्यासाठी यंत्राला ध्वनिमुद्रण व त्याचे अचूक लेखन अशा जोड्या पुरवाव्या लागतात. अलीकडे अनेक भाषांवर आधीच शिकवलेले प्रतिमान घेऊन त्याला नव्या भाषेच्या थोड्या जोड्या देता येतात. त्यामुळे सामग्रीची गरज घटते. मात्र लेखन कसे करावे, हा प्रश्न सुटत नाही. तो भाषावैज्ञानिक प्रश्न आहे.

तीन निर्णय

१. लिपी : शाळेच्या माध्यमानुसार गोंडी देवनागरीत वा तेलुगू लिपीत लिहिली जाते. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या तिच्या स्वतःच्या लिपी युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ व २०१८ साली समाविष्ट झाल्या. एकच वाक्य चार लिपींत विखुरले, तर मुळात थोडी असलेली सामग्री आणखी विभागली जाते. लिप्यंतराचे नियम आधी ठरवले, तर ती एकत्र वापरता येते.

२. बोलीभेद : 'घर' या अर्थी गोंडीत कोठे 'रोन', तर कोठे 'लोन' म्हणतात. काही बोलींतील शब्दारंभीचा 'स' इतरत्र 'ह' होतो, तर कोठे लोपतो. एकाच बोलीची सामग्री दिली, तर इतर बोली यंत्राच्या लेखी 'चुका' ठरतात. छापखान्याच्या काळात प्रमाणभाषेने जे केले, तेच येथे नकळत घडते.

३. आवाज : वाचून दाखवू शकणाऱ्यांचेच ध्वनिमुद्रण केले, तर शिकलेल्या तरुणांचा आवाज अधिक येतो, निरक्षर वृद्धा यंत्राला अपरिचितच राहते. वास्तविक या सुविधेची सर्वाधिक गरज तिलाच असते. म्हणून वाचनाइतकेच सहज संभाषणही नोंदवावे लागते. २०१० पासून मध्य भारतात कार्यरत असलेल्या 'सीजीनेट स्वर' या उपक्रमाने साध्या फोनवरून आपल्या भाषेत बातमी नोंदवण्याची व ऐकण्याची सोय केली. लिहिता न येणाऱ्यालाही बोलणारा म्हणून स्थान देता येते, हे त्यातून दिसले.

हे तीनही निर्णय तंत्रज्ञाच्या टेबलावर सोयीनुसार घेतले गेले, तर यंत्र तयार होईल. पण ते कोणाची गोंडी ऐकेल, हे भाषकांना नंतर कळेल. म्हणून निर्णयप्रक्रियेत आणि सामग्रीच्या मालकीत भाषकसमाज आरंभापासून असला पाहिजे. संमती म्हणजे केवळ सही नव्हे. आवाज कशासाठी वापरला जाणार, हे बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगणे होय.

सारांश

भाषेची साधनसंपन्नता भाषकसंख्येवर अवलंबून नसते. यंत्राला शिकवण्यापूर्वी लिपी, बोली व आवाज यांविषयीचे निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांवर पहिला हक्क भाषकांचा असतो.

स्वाध्याय

१. 'अल्पसाधन' व 'अल्पभाषक' या संकल्पनांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

२. आपल्या परिसरातील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या संमतीने पाच मिनिटांचे संभाषण ध्वनिमुद्रित करा आणि ऐकू येते तसे लिहून काढा. लेखन करताना कोठे अडलात व काय ठरवलेत, याची नोंद करा. ही नोंद म्हणजेच या विषयाचा पहिला पाठ होय.