कॉलेजची तयारी आठवीपासून



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "आता पुढं काय?" पण त्या वेळेपर्यंत बरेचसे ठरून गेलेले असते. विषय निवडलेले असतात, दाखले काढलेले नसतात आणि हातात पैसा नसतो. या तिन्ही गोष्टींची सोय आठवीपासून थोडी थोडी लावता येते. आजचा पाठ त्यासाठीच आहे. आईवडील व मुलांनी तो घरी एकत्र बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

१. आठवी : शिष्यवृत्तीची संधी
आठवीत 'एनएमएमएस' नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही, त्यांना ती देता येते. सातवीत ५५ टक्के गुण असावे लागतात. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मात्र दरवर्षी चांगल्या गुणांनी पुढे जावे लागते. परीक्षेत बुद्धिमत्तेचा एक व शालेय विषयांचा एक असे दोन पेपर असतात. ही संधी आठवीतच मिळते, पुन्हा नाही. म्हणून शाळा उघडताच गुरुजींना अर्जाबद्दल विचारावे. याच वर्षी वसमतच्या जवाहर नवोदय विद्यालयात नववीच्या रिकाम्या जागांसाठीही परीक्षा देता येते.

२. नववी : शब्दांची वही
मराठी माध्यमातील हुशार मूल अकरावी सायन्सला जाते आणि दिवाळीपर्यंत खचून जाते, असे आपण पाहतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. पुस्तक एकदम इंग्रजी झालेले असते. त्यावर साधा उपाय आहे. नववीपासून एक वही करावी. डाव्या बाजूला मराठी शब्द आणि उजव्या बाजूला इंग्रजी : संवेग म्हणजे मोमेंटम, क्षपण म्हणजे रिडक्शन, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस. रोज तीन शब्द लिहिले तरी दोन वर्षांत दोन हजारांवर शब्द होतात. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर फुकट मिळतात. मराठी व इंग्रजी पुस्तकातील एकच धडा शेजारी शेजारी ठेवून वाचावा.

३. दहावी : हंगाम आणि परीक्षा
आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. दहावीची बोर्डाची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मुलाला सोबत नेले की वर्ष हातचे जाते, आणि एकदा हाती कोयता आला की पुन्हा शाळेत बसणे कठीण होते. मुकादमाची उचल घेण्यापूर्वीच दहावीचे मूल कोणाकडे राहील, हे ठरवावे. आजी-आजोबा असतील तर उत्तम. नसतील तर वसतिगृह शोधावे, किंवा शेजारच्या घराने एक ताट वाढवावे. आपल्या धर्मग्रामात एखाद्या कुटुंबाने सहा महिने एका मुलाला सांभाळले, तर तीही मोठीच सेवा होईल.

४. विषयांची निवड
मित्राने सायन्स घेतले म्हणून आपणही घ्यायचे, असे करू नये. आधी पुढचे शिक्षण पाहावे आणि मग विषय निवडावेत. इंजिनिअरिंगला गणित लागते. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. दहावीनंतर आयटीआय किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. हिंगोलीत शासकीय पॉलिटेक्निक आहे आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. अकरावीचे वर्ष विश्रांतीचे समजू नये. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. म्हणून पसंतीक्रम भरताना मुलासोबत स्वतः बसावे.

५. दाखले
अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची गणना महाराष्ट्रात इतर मागास वर्गात होते. या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा त्यासाठी उपयोगी पडतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, त्यामुळे जुन्या कागदांवर 'जिल्हा परभणी' असेल. त्याने घाबरू नये. निजामाच्या काळातील कागद उर्दूत असतील, तर भाषांतर करून घ्यावे. उत्पन्नाचा, रहिवासाचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायलाही वेळ लागतो. जातपडताळणीचा अर्ज बारावीपर्यंत थांबवून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ मुलांचे बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतील दुसरे आणि आधार कार्डावरचे तिसरेच असते. नाव व जन्मतारीख दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वीच जुळवून घ्यावी. पुढे दुरुस्तीसाठी फार खेटे घालावे लागतात.

६. पैसा
कॉलेजची फी भरायची वेळ जून ते ऑगस्टमध्ये येते. त्याच दिवसांत आपला पैसा बी-बियाणे व खतांच्या रूपाने जमिनीत गेलेला असतो. मग सावकाराचे दार गाठावे लागते. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास विकले जाते आणि हळद उन्हाळ्यात. त्याच दिवशी थोडी रक्कम मुलाच्या नावे बँकेत टाकावी. आठवीपासून हा नियम पाळला, तर पाच वर्षांत प्रवेशाचा खर्च उभा राहतो. बारावीनंतरच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. त्यासाठी मुलाचे खाते आधारशी जोडलेले असावे.

७. मुलींसाठी
"मुलीला शिकवून काय करायचं? शेवटी परक्याच्या घरी जायची," हे बोलणे अजून ऐकू येते. परंतु वाट आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्यांच्या घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, शासकीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र संस्थेच्या कोट्यातील प्रवेशाला ही माफी नाही. दहावी झाली की स्थळे पाहायची घाई करू नये. अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे, आणि त्यात मुलीचे पुस्तक कायमचे मिटते.

हे सर्व एकाच दिवशी करायचे नाही. दरवर्षी थोडे करावे. रविवारी मिस्सानंतर आवारात थांबून शिकलेल्या मुलामुलींनी धाकट्यांना एखादा अर्ज भरून दिला, तरी पुष्कळ काम होईल.

घरी चर्चेसाठी प्रश्न
१) आपल्या मुलाचे नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे का?
२) १९६७ पूर्वीचा कोणता कागद आपल्या घरात किंवा भावकीत आहे?
३) या वर्षीच्या मालाच्या पट्टीतून मुलांसाठी किती रक्कम बाजूला ठेवणार?
४) शेजारच्या कोणत्या मुलामुलीची शाळा सुटण्याच्या बेतात आहे, आणि त्यासाठी आपण काय करू शकतो?