चिठ्ठी आणि पैज

वाचन : शास्ते १४:१०-१९, १५:६, नीतिसूत्रे १६:३३, १८:१८, प्रेषितांची कृत्ये १:१५-२६

नोकरीनिमित्त इंग्लंड-स्कॉटलंडात गेलेले आपले तरुण सुट्टीत घरी आले की एक प्रश्न विचारतात. तेथे भर बाजारात पैजा स्वीकारणारी दुकाने आहेत. १९६० च्या कायद्याने ती १९६१ पासून राजरोस चालतात. जुलै महिन्यात ओपन गोल्फ स्पर्धा आली की कार्यालयातील सभ्य माणसेही एखाद्या खेळाडूच्या नावावर पाच-दहा पौंड लावतात. त्यात मारामारी नाही, फसवणूक नाही. शिवाय हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. खेळाडूंचा, मैदानाचा, हवेचा अभ्यास करावा लागतो. मग ख्रिस्ती माणसाने त्यात भाग का घेऊ नये?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि "जुगार हे पाप आहे" एवढ्या एका वाक्याने तो मिटत नाही. "पैज लावू नको" अशी सरळ आज्ञा पवित्र शास्त्रात शोधू जाल तर ती सापडणार नाही. म्हणून प्रथम त्यांनी दिलेले उदाहरणच नीट पाहू या. अभ्यासाचा दावा गोल्फच्या बाबतीत जितका भारदस्त वाटतो तितका तो सोडतीच्या तिकिटाबाबत कोणी करणार नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण उपयोगाचे आहे.

ओपन स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडातील प्रेस्टविक येथे अवघ्या आठ खेळाडूंनिशी सुरू झाली. आता तीत १५६ खेळाडू उतरतात. चार दिवसांत ७२ होल खेळायचे असतात आणि पहिल्या दोन दिवसांनंतर सुमारे अर्धे खेळाडू गळतात. मैदाने समुद्रकाठची. सकाळी खेळणाऱ्याला वारा पडलेला मिळतो, दुपारी खेळणाऱ्याला तोच वारा झोडपून काढतो. १९९९ साली कार्नूस्टी येथे जाँ व्हान द वेल्द हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला. सहा फटक्यांत होल संपवला असता तरी तो जिंकला असता. त्याला सात लागले. मग झालेल्या जादा खेळात पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवशी सकाळी दहा फटके मागे होता. २००३ साली सँडविच येथे बेन कर्टिस जिंकला. जागतिक क्रमवारीत तो तेव्हा ३९६ वा होता आणि इतक्या मोठ्या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. जॅक निक्लॉसने चार प्रमुख स्पर्धा मिळून १८ विजेतेपदे मिळविली. त्याहून अधिक अद्याप कोणालाही मिळालेली नाहीत. परंतु अशा स्पर्धांत तो खेळला १६४ वेळा. म्हणजे सर्वश्रेष्ठ खेळाडूवर दर वेळी पैसे लावणारा जाणकारही १४६ वेळा रिकाम्या हाताने परतला असता.

आता दुकानदाराचा हिशेब पाहा. समजा, चार अगदी तुल्यबळ खेळाडू आहेत. प्रत्येकाला जिंकण्याची संधी चारांत एक, म्हणून न्याय्य भाव "एकास तीन" असा हवा : शंभर लावले व जिंकले, तर आपले शंभर आणि वर तीनशे. दुकानदार मात्र भाव "एकास अडीच" ठेवतो. चार माणसांनी चौघांवर शंभर-शंभर लावले की गल्ल्यात चारशे आले. कोणीही जिंको, त्याला द्यायचे साडेतीनशे. पन्नास दुकानदाराचे, आणि त्यासाठी त्याला गोल्फमधले काही कळण्याची गरज नाही! प्रत्यक्ष यादीत चार नव्हे, दीडशेवर नावे असतात. जितकी नावे अधिक, तितकी ही कपात लपवायला जागा अधिक. अभ्यास करणाऱ्याला केवळ दुसऱ्या अभ्यासकाला हरवायचे नसते, ही कपातही भरून काढायची असते.

याला उत्तर म्हणून रोरी मॅक्लरॉयच्या वडिलांची गोष्ट सांगतात. मुलगा पंधरा वर्षांचा असताना, २००४ साली, तो दहा वर्षांच्या आत ओपन जिंकेल यावर त्यांनी "एकास पाचशे" या भावाने २०० पौंड लावले. २०१४ साली होयलेक येथे तो जिंकला आणि त्यांना एक लाख पौंड मिळाले. गोष्ट खरी आहे. परंतु आपल्या गुणी मुलावर असेच पैसे लावून हरलेल्या बापांची गोष्ट कोणते वर्तमानपत्र छापील? उलट, जॉन डॅली हा १९९१ ची पीजीए स्पर्धा नववा राखीव खेळाडू म्हणून येऊन जिंकला, १९९५ ची ओपनही जिंकला, आणि २००६ च्या आत्मकथनात त्याने लिहिले की जुगारात आपण पाच ते सहा कोटी डॉलर गमावले. हे पैसे गोल्फवरच्या पैजांत नव्हे, प्रामुख्याने जुगारगृहांत गेले; पण मैदानावरचे कौशल्य पैशाच्या टेबलावर कामास येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

कौशल्य की नशीब हा भेद आपल्या न्यायालयांनाही मोलाचा वाटला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याचा खेळ ठरविले. २०२५ साली संसदेने संगणक व भ्रमणध्वनीवरून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी जो कायदा केला, त्यात मात्र हा भेदच बाजूस ठेवला आहे. माझ्या मते ते योग्य झाले, कारण शास्त्राचा प्रश्नही तो नाही.

शास्त्रात नशिबावर सोपवलेली एक गोष्ट वारंवार येते : चिठ्ठी. इब्री शब्द "गोराल". यहोशवाने शिलो येथे चिठ्ठ्या टाकून वंशांना जमीन वाटून दिली (यहोशवा १८:१०). चिठ्ठीने बलवानांमधील तंटा मिटतो, असे नीतिसूत्रकार म्हणतो (१८:१८). यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीनेच झाली. तेथील ग्रीक शब्द "क्लेरोस". प्रेषितांच्या पहिल्या अध्यायात सतराव्या वचनात तो "सेवेतील वाटा" या अर्थाने येतो आणि सव्विसाव्यात "चिठ्ठी" या अर्थाने. मराठीत दोन शब्द योजावे लागतात आणि दुवा तुटतो; भाषांतरकाराला याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. कारण मर्म त्या दुव्यातच आहे. येथे चिठ्ठी वाटून देते. जमीन देवाची, सेवा देवाची. चिठ्ठी निघाल्यावर कोणाच्या खिशातून काही जात नाही. चिठ्ठी टाकून दुसऱ्याचे घेतल्याचे ठळक चित्र वधस्तंभाच्या पायथ्याशी आहे (योहान १९:२४), आणि तेथे ज्याची वस्त्रे होती त्याला कोणी विचारले नव्हते.

पैज मात्र शास्त्रात एका ठिकाणी अगदी उघड दिसते : शमशोनाच्या लग्नात. मूळ पाठात तेथे "पैज" असे नामच नाही. उलगडा केलात तर मी तुम्हांस तागाची तीस वस्त्रे आणि तीस पोशाख देईन, न केलात तर तुम्ही मला द्यावे, एवढाच करार. खेळ अकलेचा होता, म्हणजे कौशल्याचाच! आणि परिणाम? तीस सोबत्यांना स्वतःच्या खर्चाची भीती वाटू लागताच त्यांनी नववधूला धमकावले : नवऱ्याकडून उत्तर काढून घे, नाहीतर तुला व तुझ्या बापाच्या घराला जाळून टाकू. उत्तर मिळाले. शमशोन हरला, आणि त्याने अष्कलोनात जाऊन तीस माणसे मारली, त्यांचे पोशाख काढून देणे फेडले. ही तीस माणसे मेजवानीला नव्हती, कोडेही त्यांनी ऐकले नव्हते. पुढच्या अध्यायात पलिष्ट्यांनी ती स्त्री व तिचा बाप यांना खरोखरच जाळले (१५:६).

पाच पौंडांच्या पैजेला हे उदाहरण लावणे अतिशयोक्तीचे आहे, असे तरुण म्हणतील. रकमेपुरते ते खरे आहे. पण रचना तीच आहे. जिंकणाऱ्याचे पैसे येतात ते हरणाऱ्यांकडून. त्यांच्या बदल्यात त्यांना ना धान्य मिळते, ना कापड, ना कोणाचे श्रम. आणि हरणाऱ्याचे देणे पुष्कळदा मेजावर नसलेलेच फेडतात : पत्नी, मुलांची फी, म्हाताऱ्या आईचे औषध. जिंकलेल्या रकमेचा दशांश मंडळीला देऊ, असेही कोणी म्हणतो. तो दशांश कोणत्या घरातून आला, हे त्याला ठाऊक नसते. दुकानदार ते त्याला सांगतही नाही.

गटात या पाठावर चर्चा करताना तरुण एक गोष्ट पुढे आणतील, आणि वडील मंडळींनी ती टाळू नये. आपल्यापैकी काही मंडळ्यांच्या आनंदमेळाव्यात छपराच्या निधीसाठी लकी ड्रॉची तिकिटे विकली जातात आणि हौजीचे डाव होतात. ती यहोशवाची चिठ्ठी आहे की शमशोनाची पैज? तिकिटाचे पैसे दान म्हणून दिले असतील आणि बक्षीस कोणी वेगळे देणगीदाखल आणले असेल तर एक उत्तर. बक्षीस तिकिटांच्याच गल्ल्यातून काढायचे असेल तर दुसरे. पुढील मेळाव्याची वर्गणी ठरविण्यासाठी पंचकमिटी बसेल, तेव्हा हा विषय तिच्यापुढे ठेवावा.