मीटरच्या मागच्या वायरी

अकोला

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

अमरावतीच्या आयटीआयतून निघून तू नांदगाव पेठच्या टेक्स्टाइल मिलमध्ये लागलास, पॅनेल रूम तुझ्याकडे आली, हे ताईने फोनवर सांगितलं. मामाला आनंद झाला, तशी धास्तीही वाटली. दारावरचे लाल आकडे वाचायचे आणि मागे काय जोडलंय ते बघायचंच नाही, अशी पोरं त्याने एमआयडीसीत पुष्कळ पाहिली आहेत.

इथल्या एका डाळमिलची गोष्ट. तुरीचा सीझन जोरात. पॅनेलचं मीटर लोड दाखवी 30 किलोवॅट आणि बिलात युनिट येत तिप्पट. मालक म्हणाले, "मीटर गेलं बापा, नवं आणा." मामाने आधी क्लॅम्प मीटर काढलं. लाल, पिवळी, निळी, तिन्ही फेजवर करंट सारखाच. मग पॅनेल मीटरवर फेजनिहाय पान उघडलं, तर पिवळ्या फेजच्या किलोवॅटमागे उण्याचं चिन्ह! त्या फेजच्या सीटीच्या, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरच्या, एस-1 आणि एस-2 वायरींची अदलाबदल झाली होती. 30 अधिक 30, वजा 30. खरा लोड 90, आणि मीटर बिचारं 30 दाखवत बसलेलं. नव्या मीटरनेही तेच दाखवलं असतं.

म्हणून नवं पॅनेल हाती आलं की आधी इनपुट तपासायचे. सीटीवर 200/5 लिहिलेलं असेल, तर मीटरच्या सेटिंगमध्येही 200/5 च हवं. तिथे 100/5 राहिलं तर सगळं निम्मं दिसतं. लाल फेजचं व्होल्टेज लाल फेजच्याच सीटीबरोबर जोडलेलं हवं.

आणि एक गोष्ट मामा हात जोडून सांगतो. लोड चालू असताना सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवायची नाही. मीटर काढायचं असेल तर आधी टर्मिनलवरची शॉर्टिंग लिंक लावायची. उघड्या सेकंडरीवर जीवघेणं व्होल्टेज चढतं.

डिजिटल इनपुटचंही तसंच. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, चालू झाला की त्याच्या ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट मीटरला खबर देतो, आणि दुहेरी नोंदीचं मीटर असेल तर डीजीचे युनिट वेगळे मोजले जातात. पण काही मीटरला नुसता कोरडा कॉन्टॅक्ट लागतो, काहींना बाहेरून 24 व्होल्ट. कोरड्याच्या जागी 230 दिलं की इनपुट जळालंच. मीटरच्या बाजूला चिकटवलेला आकृतीचा कागद त्यासाठीच असतो.

आता आउटपुट. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएच बिलिंग लागू झालं, तेव्हापासून पॉवर फॅक्टर घसरला की तो सरळ युनिटमध्येच दिसतो. म्हणून तो घसरला किंवा डिमांड कराराच्या जवळ पोचली की मीटरच्या रिलेवरून हूटर वाजवता येतो. एका जिनिंगमध्ये मात्र त्याच इवल्याशा रिलेवर थेट पंखा लावला होता. कॉन्टॅक्ट चिकटला, पंखा बंद होईना. रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल ओढावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने वाहावा.

मीटरचे आकडे वाचायला आरएस-485 च्या वायरींची जोडी कॉम्प्युटरपर्यंत नेशील तेव्हा पिळाची, शिल्डची केबल घे; प्रत्येक मीटरला वेगळा स्लेव्ह आयडी दे. दोन मीटरना एकच आयडी पडला की दोघंही एकदम बोलतात आणि कॉम्प्युटरला काहीच कळत नाही.

हे सगळं पॅनेलच्या आपल्या मीटरपुरतं. महावितरणच्या सीलबंद मीटरला बोटही लावायचं नाही. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 135 छेडछाडीला वीजचोरीच म्हणतं. तिथे शंका आली तर लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.

दिवाळीला येशील तेव्हा मामाचं क्लॅम्प मीटर घेऊन जा. त्याचे सेल बदललेत, जबडा मात्र जरा सैल झालाय. वाचताना तो पूर्ण मिटलाय का ते बघत जा.

तुझा
मामा