पणजोबांच्या मागचा माणूस कुठे सापडेल?

प्रश्न : आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. पणजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले आणि आम्ही इथलेच झालो. त्यांच्या वडिलांचं नावसुद्धा आता घरात कुणाला ठाऊक नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात घराण्यांची माहिती मिळते म्हणतात. तिथे जावं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : जरूर जा, पण सगळ्यात शेवटी. पेशवे दफ्तरातले कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत आणि ते खात्यांप्रमाणे, प्रांतांप्रमाणे लावलेले आहेत, माणसांच्या नावांप्रमाणे नाहीत. तुमच्या घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण किंवा एखादं इनाम असेल तर गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे आपला हक्क शाबीत करताना वतनदारांना वंशावळ सांगावी लागली, आणि ती कागदावर आली. साध्या रयतेचं नाव मात्र तिथे नशिबानेच हाती लागतं.

तुम्ही धरायचा धागा जमिनीचा. आडनावाच्या भरवशावर राहू नका. जुन्या कागदांत माणूस ‘राणू बिन खंडू’ असा असतो, म्हणजे खंडूचा मुलगा राणू. आडनाव पुष्कळदा नसतंच. आधी गावच्या तलाठ्याकडे आजच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर विचारा, कारण एकत्रीकरणात सर्व्हे नंबर मोडून गट पडले. मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या नंबरचे जुने सातबारे आणि फेरफार मागा. काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने कागद सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

खरा खजिना फेरफारात आहे. खातेदार वारला की वारसांची नोंद होते : मुलगे, त्यांची वयं, विधवा, कधी लग्न झालेल्या मुलीसुद्धा. नावापुढची आखूड अक्षरं सोडून देऊ नका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे त्या नावामागे आणखी भाऊ आहेत, ते शोधायचे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे ‘आई’ असं लिहून पुढे नाव आलं, तर पणजोबांच्या आईचं नाव तुम्हाला मिळालं. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ दिसेल, त्यानंतरचं नाव नवऱ्याचं. छापील कुलवृत्तांतांच्या वंशवृक्षांत लेकीसुना बहुधा गाळलेल्या असतात. वाटणीच्या कागदाला तसं करून चालत नाही, म्हणून माझा विश्वास त्याच्यावर जास्त.

जमीनच नसेल तर गाव नमुना १४ पाहा. ही गावची जन्ममृत्यूची जुनी नोंद. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव असतं. तेव्हा शोधायचं ते बापाचं नाव.

एक अडचण आधीच सांगतो. खानापूर तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे सांगलीत ‘कागद नाही’ असं उत्तर मिळालं तर निराश न होता साताऱ्यात चौकशी करा. अर्जात गावाचा आजचा आणि तेव्हाचा, दोन्ही जिल्हे लिहा.

सरकारी कागद संपले की नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर. तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्यांची नावं गाववार नोंदलेली असतात. गावाचं नाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते तिथेच कळतं.

जुने कागद मोडीत असणार. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा फारसा विधिनिषेध नसतो, त्यामुळे नवख्याचे डोळे फिरतात. कालगणनाही आपली नव्हे. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार : सुहूर सन ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन १७७०-७१ येतं. वाचनासाठी मोडीचा जाणकार गाठा, किंवा वर्गाला जाऊन स्वतः शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून याच कागदांत वावरतं आहे. तिथे विचारलंत तर वाट दाखवणारं कुणीतरी भेटेल.

पैसे मोजून आठ दिवसांत तयार वंशावळ देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. त्यांच्या झाडाचं मूळ नेमकं एखाद्या राजघराण्यात निघतं. प्रत्येक नावामागे कोणता कागद आहे ते विचारा, आणि कागद दाखवला नाही तर पैसे देऊ नका.