दुर्बीण मोठी म्हणजे नेम पक्का?

प्रश्न : मुलगी एअर रायफलवरून ५० मीटर प्रकाराकडे वळते आहे. बोल्ट-ॲक्शन रायफलवर शक्तिशाली दुर्बीण घ्यावी का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ऑलिंपिकच्या या प्रकारात रायफलवर दुर्बीण नियमानेच वर्ज्य असून नेम बारीक छिद्राच्या ‘डायॉप्टर’ साइटमधून धरला जातो; त्यामुळे त्या खर्चाची चिंता आपण सोडावी. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असल्याने खांद्याला व गालाला नेमका बसणारा, मागेपुढे सरकवता येणारा दस्ता अधिक मोलाचा ठरतो. पॉइंट २२ गोळ्यांचा एकेक उत्पादन-गट प्रत्येक नळीत निराळा वागतो, म्हणून तो चाचणी करूनच निवडावा. मात्र शस्त्रपरवाना हाती येण्यापूर्वी खरेदी करू नये. तोवर क्लबची रायफल सरावाला पुरते.