हातावरचे गोंदण, पायाच्या शिरा आणि लेझर



मागच्या महिन्यात वस्तीतली एक ताई तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला माझ्याकडे घेऊन आली. दंडावर तळहाताएवढी जखम, पू झालेला. दोन वर्षांपूर्वी जयंतीला त्याने तिथे ‘जय भीम’ गोंदवले होते. आता सैन्यभरतीची तयारी चालू आहे. दंडावरचे गोंदण चालत नाही असे कळले आणि मित्राच्या सांगण्यावरून त्याने त्यावर ॲसिड लावले.

“मावशी, भरती दीड महिन्यावर आलीय. दुसरं काय करणार होतो?” तो म्हणाला. अक्षरे गेली नव्हतीच, वर भाजल्याचा व्रण मात्र कायमचा राहणार.

पट्टी बांधून झाल्यावर ताई म्हणाली, “आलेच आहे तर माझंही बघा.” साडी जराशी वर केली. दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या, गाठी पडलेल्या शिरा. घोट्याजवळची कातडी काळी पडलेली. बारा वर्षे सफाईचे काम, सगळे उभ्याने. “लेझरने एका दिवसात सगळं जातं म्हणे. खरं का?”

माय-लेकांचा प्रश्न एकच होता, म्हणून हा लेख.

भरती आणि गोंदण

आधी गैरसमज काढू. अडचण ‘जय भीम’ या अक्षरांची नाही, जागेची आहे. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदण चालते. शरीरावर इतरत्र कायमचे गोंदण चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेमुळे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी कडक आहे. सलामीचा उजवा हात चालत नाही, डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू चालते, आणि गोंदण त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान असावे लागते. नाव किंवा धार्मिक चिन्ह तिथे चालते. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. अनेक मुलांना गोंदण काढायची गरजच नसते.

सातारा-सांगलीची मुले पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जातात. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही सैन्यातले. म्हणून आपल्या मुलांना सांगते, आधी भरतीचा नियम वाचा, मग सुई लावून घ्या.

लेझर गोंदण कसे काढते?

गोंदणाची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. म्हणून चुना, मीठ, ॲसिड किंवा बाजारातले मलम लावून ती निघत नाही, फक्त कातडी जळते. शाईचे कण मोठे असल्यामुळे शरीराला ते उचलून नेता येत नाहीत. लेझरचा अतिशय क्षणिक झोत त्या कणांचा चुरा करतो आणि हा चुरा शरीर हळूहळू वाहून नेते. म्हणजे अर्धे काम यंत्राचे आणि अर्धे आपल्या शरीराचे. त्याला वेळ लागणारच.

एका बैठकीत गोंदण जात नाही. साधारण सहा ते दहा बैठका, कधी जास्त, आणि दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर. याचा अर्थ वर्षभर तरी धरा. काळी शाई सर्वांत चांगली निघते, हिरवी आणि रंगीत शाई अवघड जाते. कधी पुसट खूण राहते.

आपल्या सावळ्या रंगाबद्दल महत्त्वाचे. लेझर शाईप्रमाणे कातडीच्या रंगालाही पकडतो. चुकीचे यंत्र किंवा जास्त ताकद वापरली तर पांढरे डाग, काळे चट्टे, फोड किंवा वाढणारे व्रण होतात. सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचा लेझर जास्त सुरक्षित मानला जातो. म्हणून उपचार त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्या, पार्लरमध्ये नको. डोळ्यांना संरक्षक चष्मा न देणाऱ्या ठिकाणाहून उठून या. बैठकीनंतर खपली खरवडू नका आणि त्या जागेला ऊन लागू देऊ नका.

नवे गोंदण करायचेच असेल तर नवी सुई आपल्यासमोर उघडायला लावा. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदले तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतो.

पायाच्या शिरा का फुगतात?

पायातले रक्त वर हृदयाकडे चढवण्यासाठी शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचते आणि शीर फुगते. याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. तासन्‌तास उभ्याचे काम, बाळंतपणे, वाढलेले वजन आणि घराण्यातला कल ही कारणे. सफाई कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया, भाजीवाल्या आणि आम्ही नर्सही यात आलो. वॉर्डात उभे राहून माझ्याही डाव्या पोटरीवर शिरा आहेत.

संध्याकाळी पाय जड होणे, घोटा सुजणे, खाज येणे ही सुरुवात. पुढे घोट्याजवळ कातडी काळी पडते आणि न भरणारी जखम होते. ताईच्या पायाला हे दुसरे पाऊल पडले होते. म्हणून हा दिसण्याचा प्रश्न नाही, आजार आहे. भरतीच्या मेडिकलमध्येही फुगलेल्या शिरांमुळे मुले बाद होतात.

कातडीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा वेगळ्या. त्यांना बहुधा धोका नसतो. पायावरच्या अशा शिरांना लेझरपेक्षा औषधाचे इंजेक्शन बरेचदा जास्त उपयोगी पडते. मोठ्या शिरेसाठी मात्र लेझर बाहेरून मारत नाहीत. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, केसासारखी बारीक तार शिरेच्या आत घालतात आणि उष्णतेने ती शीर बंद करतात. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून जाते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी येतो. त्याआधी पायाची डॉपलर तपासणी झालीच पाहिजे. ती न करता लेझर सुचवणाऱ्याकडे पैसे देऊ नका.

घरी काय करावे?

• दर तासाला दोन मिनिटे चाला, टाचा वरखाली करा.
• झोपताना पायाखाली उशी घ्या.
• घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच वापरा. मधुमेह असेल तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या.
• फुगलेली शीर जोराने चोळू नका.
• शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दवाखाना गाठा.
• एकच पाय अचानक सुजला, दुखला किंवा सोबत धाप लागली तर त्याच क्षणी रुग्णालयात जा.

कुठे जावे?

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. शिरांसाठी सर्जरीची ओपीडी, गोंदणासाठी त्वचारोगाची. शिरांच्या शस्त्रक्रियेबद्दल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. गोंदण काढणे हा सौंदर्याचा उपचार धरला जातो, त्यासाठी योजनेवर विसंबू नका. खासगीत जाणार असाल तर एका बैठकीचा नव्हे, संपूर्ण उपचाराचा खर्च लेखी घ्या.

त्या मुलाची जखम भरत आली आहे. ही भरती हुकली, पुढच्या वर्षाची तयारी चालू आहे. ताईची डॉपलर झाली, आता ती सर्जनकडे जाणार आहे. मुलगा म्हणाला, “मावशी, जय भीम काढायला लाज वाटते.” मी म्हटले, “बाळा, दंडावरून गेले म्हणून तुझ्यातून जात नाही. वर्दी घालून ये आणि मोठ्याने म्हण.”

जय भीम!